पॅकिंग घरी बदला, पण ठिगळ लावू नका

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितो. चार दिवस झड लागलीय, रानात वापसा नाही, कोळपं उभं आहे. म्हणून काल गोठ्याच्या पडवीत गाडीचं इंजिन उघडलं. १०० सीसीची गाडी, १६ वर्षं झाली. दोन टायमाला दूध घालायला तीच. क्लचच्या बाजूच्या कव्हरातून ऑइल झिरपून पायावर यायला लागलं होतं.

माझं मत आधीच सांगतो. क्लच साइडचं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, घरी बदलता येतं आणि बदलावं. पण आपण पाइपलाइनची सवय इंजिनाला लावतो, तिथं घात होतो. मोटारीच्या फ्लँजला जुन्या ट्यूबचं रबर कापून लावलं तरी चालतं. थेंब थेंब गळलं तर बांधावरच्या गवताला पाणी. इंजिनात तसं नाही.

अनुभवावरून सांगतोय. तीन वर्षांमागं ऐन पेरणीत हेच कव्हर गळत होतं. तालुक्याला कोण जातंय म्हणून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग कापलं आणि दोन्ही बाजूंनी लाल सिलिकॉन थापलं. गळती थांबली. मी चार लोकांत मिशीला पीळ देऊन सांगितलं पण. महिन्याभरानं डेअरीच्या अलीकडं चढाला इंजिन जाम. दुसरी गाडी मिळेपर्यंत ४० लिटर दूध नासलं. मिस्त्रीनं इंजिन उघडलं, ऑइलची जाळी काढली आणि माझ्या तळहातावर गांडुळासारखा लाल तुकडा ठेवला. म्हणाला, "अण्णा, हे तुमचंच हाय." जादा सिलिकॉन आत दबलं, तुटलं, जाळीत अडकलं. ऑइल वर पोचलंच नाही. पिस्टन गेला, ब्लॉक गेला, कॅम गेला. डीएपीच्या चार पोत्यांचे पैसे त्या एका तुकड्यानं खाल्ले.

म्हणून काल रीतसर केलं. मॉडेल सांगून तयार पॅकिंग आणलं, शंभराच्या आत मिळालं. गाडी दोन मिनिटं चालू ठेवून ऑइल डब्यात काढलं. हे जळकं ऑइल रानात नाहीतर विहिरीजवळ ओतू नका, मी गॅरेजवाल्याला देतो. मग किक, फुटरेस्ट, क्लचची वायर सोडली. कव्हराचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. लेकीनं पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढलं आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचला. ही अक्कल तिची, माझी नाही. लांब जागी आखूड बोल्ट गेला तर दोन आट्यांवर लटकतो, आणि आवळताना आटेच उपटून येतात.

कव्हर निघेना तर रबरी हातोडीनं हळू ठोका. फटीत पेचकस घालून उचकटू नका. तिथं ओरखडा पडला तर नवं पॅकिंगसुद्धा गळणार. खरा वेळ जातो तो जुनं चिकटलेलं खरवडण्यात. मला तास लागला, पेट्रोलचा बोळा आणि प्लास्टिकची पट्टी. आत कचरा पडू नये म्हणून फडकं कोंबलं. तेवढ्यात ऑइलची जाळी धुतली. कव्हराच्या दोन पोकळ पिना जागेवर आहेत का बघितलं. नवं पॅकिंग कोरडंच लावलं. बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. मग नवं ऑइल भरलं.

हेड आणि ब्लॉकचं पॅकिंग मात्र मी घरी काढत नाही. तिथं जाळ आणि दाब असतो. टायमिंगची चेन खुणेवर बसवावी लागते, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. नट ठरलेल्या ताकदीनंच आवळायचे, त्याला टॉर्कचा पाना लागतो. तो माझ्याकडं नाही. तिथं मिस्त्रीला गाठावं, त्यात कमीपणा नाही. मजुरीचे पैसे वाचवायला जाऊन मी एकदा इंजिन घालवलंय.

आज सकाळी दूध घालून आलो. गाडी उभी केलीय आणि खाली कोरा पुठ्ठा टाकलाय. हे लिहीपर्यंत तरी कोरडा आहे. रात्री परत बघणार. डाग पडला तर तेही उद्या लिहीन, लपवणार नाही.