रविवार कुणाचा

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की घरोघरी सगळ्यात आधी लाल आकडे मोजले जातात. 2026 सालाने या मोजणीत अनेकांची निराशा केली. महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, रविवारी. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, तेही रविवारी. 15 ऑगस्ट शनिवारी, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांना त्याचाही उपयोग नाही. 1 मे या एकाच शुक्रवारी महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा असे दोन्ही दिवस. तेव्हापासून लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत एकच हळहळ ऐकू येते: यंदा सुट्ट्या बुडाल्या. या आठवड्यात तर एका गृहस्थांनी दिवाळीचाच हिशेब मांडला आणि लक्ष्मीपूजन ‘रविवारात वाया गेलं’ असं म्हणून टाकलं.

रविवारात वाया गेलं! रविवार जणू आभाळातून पडलेला, आपल्या हक्काचाच, आणि त्याच्यावर आणखी काही मिळालं तरच ती सुट्टी. हे ऐकून राग येतो, कारण हा रविवार मुंबईत माणसांनी मागून, भांडून मिळवलेला आहे. त्याला अजून दीडशे वर्षंही झालेली नाहीत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 सालचा, ठाण्याचा. रेल्वे, टपाल अशा नोकऱ्या करून ते मुंबईतल्या एका कापड गिरणीत भांडारपाल झाले आणि कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र 1880 पासून त्यांनी मुंबईतून चालवलं. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, परळला सभा घेतल्या, हजारो सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातल्या मागण्या होत्या. 1881चा कारखाना कायदा महिन्याला चार सुट्ट्या देत होता, पण फक्त बालकामगारांना. मोठ्यांना काहीच नाही. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

पुढच्या वर्षीच्या कायद्यात ती आली. बाकी तपशील इतिहासाच्या पुस्तकांत आहेत, पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली त्या दोन स्त्रियांची. 1890 साली दहा हजार माणसांपुढे उभं राहून बोलायला काय लागलं असेल! दुसरी खंडोबाची. रविवार हा साहेबाच्या देवळाचा वार म्हणून मागितला गेला असं अनेकांना वाटतं. गिरणीतली माणसं मात्र सातारा-पुण्याकडची आणि कोकणातली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, त्या दिवशी माणसाला देवाला जाता आलं पाहिजे, असंही लोखंडे यांनी मांडल्याचं सांगतात. जेजुरीला रविवारी जाणाऱ्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

सुट्टी मिळाली तरी पहिली काही वर्षं ती पुरती हाती आली नाही. रविवारी यंत्रं बंद म्हणून ती साफ करायला कामगारांनाच बोलावत आणि त्यात निम्मा दिवस जाई. पण जो अर्धा दिवस उरला, त्यात गिरणगावाने केवढं काही उभं केलं! कोकणातल्या गावांची मुंबईतली मंडळं चाळीतल्या एखाद्या खोलीत रविवारीच बसायची. गावच्या देवळाचं छप्पर, शाळेची इमारत, पाणंदीवरचा साकव, कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाचं मर्तिक, असे सगळे प्रश्न तिथे यायचे आणि वर्गणी जमून सुटायचे. भजनी मंडळांची तालीम रविवारी, नाटकाची रविवारी, व्यायामशाळेतली गर्दीही रविवारी. आज कोकणातल्या कित्येक शाळांच्या भिंतींवर ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी पाटी दिसते. ते पैसे पगारातून आले. पण ते जमवायला माणसं एकाच दिवशी एकाच वेळी मोकळी असावी लागली.

याच रविवारी एक माणूस मात्र मोकळं नव्हतं. खानावळ चालवणारी बाई. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या या बायका गिरण्यांच्या भोवती चाळी-चाळींत होत्या. रविवारी जेवणारा कामगार दुपारी घरीच असायचा, मटण मागायचा, जास्त वेळ बसायचा. म्हणजे तिला आठवड्यातलं सगळ्यात जास्त काम रविवारी. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी. कर्ज मिळालं, मान मिळाला. रविवार त्यांनाही मिळाला नाही, आणि त्यांच्यानंतर घराघरांतल्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईलाही. ‘आज रविवार, काहीतरी वेगळं कर ना’ हे वाक्य आजही किती सहज येतं.

सुट्ट्या बुडाल्याच्या हळहळीत खरी चिंता करण्याजोगी बाब कुणी बोलत नाही. सुट्ट्या कमी होत नाहीयेत, त्या विखुरल्या आहेत. 1948च्या दुकान कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकानाला टाळं लागायचं. मालक, नोकर, हमाल सगळे एकदम मोकळे. 2017च्या नव्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवायची मुभा दिली आणि कामगाराला मात्र आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यायला सांगितलं. कागदावर कामगाराचं काही गेलं नाही. प्रत्यक्षात एकाला मंगळवार, दुसऱ्याला बुधवार, तिसऱ्याला मॅनेजर सांगेल तो वार. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. नवरा गुरुवारी घरी, शाळेतली बायको आणि पोरं रविवारी घरी. आठवड्यात असा एकही दिवस नाही की चौघं सकाळी सोबत चहाला बसतील. सलूनवाल्यांनी मात्र आपला सोमवार बऱ्याच गावांत अजून राखला आहे, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. लोखंडे यांनी 1890 सालीच मुंबईच्या नाभिकांना विधवांच्या केशवपनाविरुद्ध उभं केलं होतं. एकदम हात थांबवायची ताकद त्या समाजाला तेव्हापासून ठाऊक आहे.

घरकाम करणाऱ्या बायकांचं काय सांगावं! महाराष्ट्रात 2008च्या कायद्याने त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आहे. आठवड्याची सुट्टी मात्र घरमालकिणीच्या मर्जीवर. चार घरची कामं असतील तर चौघींची मर्जी जुळायला हवी. एका घरी रविवारी सुट्टी, दुसऱ्या घरी पाहुणे म्हणून रविवारी हमखास बोलावणं. मग तिचा महिन्याचा एखादा दिवस सुटतो तो पोराच्या तापासाठी, आणि त्याला खाडा म्हणून पैसे कापले जातात.

जुन्या रीतींमध्ये थांबण्याची सोय याहून बरी होती. नागपंचमीला शेतात नांगर धरत नाहीत, घरात विळी चालवत नाहीत, चुलीवर तवा चढत नाही. म्हणून तर त्या दिवशी उकडलेली दिंडं होतात. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजायची म्हणजे ती हातात धरायची नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात, त्याला जेवणाचं आवतण देतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. एकाच्या बैलाला आज, दुसऱ्याच्या बैलाला परवा, असं नाही. सगळ्या गावाचे बैल एकदम मोकळे, सगळे वेशीत, सगळे सजलेले.

पण सगळ्या गावाने एकदम थांबायचं म्हणजे काय, हे बघायचं तर मालवण तालुक्यात जावं. ‘कालनिर्णय’ 1973 साली सुरू करणारे जयंत साळगावकर मालवणचे. त्यांच्याच तालुक्यात एक सुट्टी अशी आहे की ती कुठल्याच कॅलेंडरात आधी छापता येत नाही. आचरे गावची गावपळण. दर तीन-चार वर्षांनी, कधी त्याहून थोड्या जास्त अंतराने, रामेश्वराला कौल लावतात. देवाने कौल दिला की तारीख ठरते, आणि त्या दिवशी सगळं गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री.

सगळं गाव म्हणजे खरोखर सगळं. गाई-म्हशी, बकऱ्या, कोंबड्या, कुत्री. म्हातारी माणसं, ओली बाळंतीण, कडेवरचं पोर. बाजारपेठ बंद, दुकानांना कुलपं. आचऱ्यातली मुस्लिम कुटुंबंही निघतात. वेशीपलीकडच्या माळावर, खाडीकाठी, नातेवाइकांच्या गावांच्या हद्दीत झावळ्यांच्या आणि ताडपत्रीच्या राहुट्या उभ्या राहतात. तीन दगडांच्या चुली पेटतात. दिवसा मासे, पत्ते, गप्पा. रात्री भजनं, फुगड्या. ज्याचं घर दोन मजली आणि ज्याचं मांगराएवढं, ते दोघे शेजारी शेजारी एकाच मापाच्या राहुटीत झोपतात. मुंबईचे चाकरमानी गणपतीसाठी जसे येतात तसे गावपळणीलाही रजा काढून येतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा. कौल झाला तर घरी, नाही तर मुक्काम वाढला. चिंदर आणि वायंगणी या शेजारच्या गावांतही ही रीत आहे.

यामागचं कारण प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं ते तीन दिवस गाव देवाचं, कुणी भुताखेतांचं नाव घेतं, कुणी साथीच्या रोगांशी संबंध जोडतं, गावाला हवा-ऊन लागू द्यावं म्हणतं. भुतांची भीती मनातून गेलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. देवाच्या कौलावर आजारी माणसाला घराबाहेर काढावं का, हा प्रश्नही विचारला पाहिजे, आणि गावातल्याच शिकलेल्या पोरांनी तो विचारावा. पण आचरेकरांपैकी कुणालाही गाठून त्याच्या लहानपणीच्या गावपळणीबद्दल बोलतं करा. भुतांचा विषय दोन मिनिटांत संपतो. मग सुरू होतं ते कुणाच्या राहुटीत काय शिजलं, कुणाची गाय रात्री सुटून गावात परत गेली, कोणती दोन भांडलेली घरं त्या तीन दिवसांत बोलायला लागली.

त्यातही बायका काय सांगतात ते ऐकावं. राहुटीत स्वयंपाक त्यांनाच करावा लागतो, तो काही सुटत नाही. तरी घर सारवायचं नसतं, अंगण झाडायचं नसतं, चार बिऱ्हाडांचा भात एका टोपात शिजतो, बाप्ये मासे साफ करून देतात. रात्री बारापर्यंत फुगडीतून कुणी हाक मारून बोलावत नाही. एकटीने एका घरातून तीन दिवस मागितले असते तर तिला कुणी दिले नसते. सगळं गाव निघालं म्हणून तिलाही निघता आलं.

गिरणगावाच्या रविवारातही हेच बळ होतं. शहरात आचऱ्यासारखं वेशीबाहेर जाता येणार नाही. दवाखाना, वीज, पाणी, रेल्वे चालू राहायला हवी आणि ती चालवणाऱ्यांना आळीपाळीनेच सुट्टी घ्यावी लागेल. पण मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानाला, रविवारी रात्री अकराला आइस्क्रीम पोहोचवणाऱ्या मुलाला हा नियम लावायचं काही कारण नाही. रविवारी आणि सणाला ऑर्डरी वाढतात, म्हणून नेमका त्याच दिवशी तो पोरगा घराबाहेर असतो. त्या दिवशी मागवणं थांबवणं आपल्या हातात आहे. तसंच सोसायटीतल्या सगळ्या घरांनी मिळून रविवार ठरवला, तर कामवाल्या बाईला चार घरी चार वेळा अजिजी करावी लागणार नाही. एका बैठकीचं काम आहे.

आणि ज्या दुकानात, हॉटेलात, ऑफिसात वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिथल्या कामगारांसाठी एक शेवटची गोष्ट. 2017च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. उरलेले चार मालक आणि कामगारांनी आपसांत बोलून ठरवायचे आहेत. बहुतेक ठिकाणी ते मालकच परस्पर ठरवतो, कारण कुणी विचारायलाच जात नाही. नवं वर्ष लागण्याआधी सगळ्यांनी मिळून जा, चार दिवस सगळ्यांना एकदम मागा, आणि त्यातला एक तरी गावच्या जत्रेचा असू द्या.