मागच्या सीटवरून



गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या दुकानी बसलो होतो. त्यांचाही व्यापार कापडाचाच. बोलता बोलता ते म्हणाले, "धंदा चालू आहे हो, पण मन लागत नाही. सकाळी कुलूप उघडताना हात जड होतो." तीन पिढ्यांची पेढी सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या तोंडचे हे वाक्य ऐकून मला नवल वाटले नाही. काही वर्षांपूर्वी तेच वाक्य माझ्या मनात रोज उमटत असे. मी ते कोणापाशी बोललो नाही, एवढेच. या वेळच्या लेखात ते बोलावे म्हणतो.

आमचे कुर्डुवाडी हे रेल्वेमुळे वाढलेले गाव. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी येथून बार्शीकडे धावू लागली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. अरुंद रूळ आता राहिले नाहीत, पण गाडीच्या वेळेवर दिवसाचा हिशोब धरण्याची आमची सवय राहिली. सकाळची अमुक गाडी गेली की दुकान उघडायचे, रात्रीची तमुक गाडी आली की दिवा मालवायचा. २२ मार्च २०२० पासून देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा मालगाड्यांचा खडखडाट तेवढा उरला. गावाचे घड्याळच बंद पडल्यासारखे झाले.

किराणा अत्यावश्यक ठरला, कापड ठरले नाही. २०२० ची लग्नसराई कुलपाआड गेली. पुढे लग्नाला पन्नास माणसांची मुभा मिळाली. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये निर्बंध पुन्हा कडक झाले, तेव्हा ती संख्या पंचवीसवर आली आणि समारंभ दोन तासांत उरकण्याचे बंधन आले. पंचवीस माणसांच्या लग्नात आहेर कोण करणार आणि बस्ता कोण बांधणार? तरीही हा तोटा व्यापारातला; तो खतावणीत मांडता येतो. त्याच वर्षी मे महिन्यात माझे थोरले बंधू गेले. ते कोणत्या खात्यात मांडावे, हे मला आजवर उमगलेले नाही. तीस वर्षे आम्ही दोघे एका गादीवर बसलो. खरेदी मी पाहायची आणि उधारी दादांनी, अशी आमची न बोलता झालेली वाटणी होती.

निर्बंध उठले, गिऱ्हाईकही हळूहळू परतले. माझे चित्त मात्र परतले नाही. थान उलगडून दाखवावे, तर समोरचा तरुण मोबाइल काढून त्याच रंगाचे कापड कितीला मिळते ते मला दाखवी. त्यातच सूक्ष्म व लघु उत्पादकांकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही, ही तरतूद २०२३-२४ च्या हिशोबापासून लागू झाली. नियम न्याय्यच आहे. विणणाऱ्याच्या हाती पैसा वेळेवर पडलाच पाहिजे. पण आमचा शेतकरी गिऱ्हाईक उसाचे बिल जमा झाल्यावर देणार आणि आम्ही पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आत देणार, यांमधले अंतर कोणी भरायचे? हा प्रश्न मी दादांच्या रिकाम्या जागेकडे पाहून विचारी आणि उत्तर न मिळाल्याचा राग दुसऱ्या कोणावर तरी काढी.

तो राग कोणावर निघाला, हे लिहिताना आजही लाज वाटते. पंचवीस वर्षे आमच्याकडे काम करणाऱ्या नोकराला एके दिवशी मी गिऱ्हाइकासमोर वाटेल ते बोललो. त्याने चुकीचे थान उतरवले, एवढाच त्याचा अपराध होता. तो दोन दिवस कामावर आला नाही. क्षमावाणीच्या दिवशी मी शे-दीडशे लोकांना मोबाइलवरून क्षमायाचनेचे संदेश पाठवले होते. त्या यादीत त्याचे नाव नव्हते.

चिरंजीवांची तऱ्हा निराळी. ते अभियंता. महामारीच्या काळात पुण्याची नोकरी त्यांनी आमच्या माडीवरून केली. संगणकासमोर रात्री अकरा-अकरापर्यंत चाललेल्या त्यांच्या बैठका खाली ऐकू येत. पुढे कार्यालयात परत बोलावणे आले आणि ते पुण्याला गेले. पण शनिवारी घरी येत, तेव्हा मुलगा उतरतो आहे की थकलेला पाहुणा, असा प्रश्न पडे. त्याने नोकरी सोडून गादीवर बसावे, असे मला वाटे. मी ते बोलत नव्हतो. त्याला काय वाटते, ते तोही बोलत नव्हता.

अंगणात दादांची शंभर सीसीची मोटारसायकल जुन्या चादरीखाली उभी होती. २०२३ च्या दिवाळीत चिरंजीवांनी ती चादर काढली. बॅटरी गेलेली, टाकीतले पेट्रोल खराब झालेले, टायरना चिरा पडलेल्या. मिस्त्रींनी दोन दिवसांत गाडी चालती केली, पण कागदपत्रांनी अधिक वेळ घेतला. वाहनाच्या मालकाचे निधन झाल्यास ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वाहन वारसाच्या नावे करावे, असा नियम आहे. २०२१ पासून नोंदणीतच नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घालण्याची सोयही झाली आहे. आपण दुकानाचे, बँकेचे, विम्याचे वारस नोंदवतो. दारातल्या गाडीचा विचार मनात येत नाही. आम्हाला या कामी फार उशीर झाला. वाचकांनी तो करू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले. गाडी वहिनींच्या नावे झाली. विमा आणि पीयूसी नवी झाली, आणि एका रविवारी आम्ही निघालो.

'आम्ही' म्हणजे चौघे: मी, सौ., चिरंजीव आणि वहिनी. वाहने दोन: दादांची मोटारसायकल आणि सौ.ची स्कूटर. वहिनी मंदिराखेरीज कोठे जात नसत. त्यांना बरोबर घ्यायचे म्हटल्यावर घरात क्षणभर शांतता पसरली. लोक काय म्हणतील, हा प्रश्न सर्वांच्याच मनात होता. अखेर माझ्या मातोश्री म्हणाल्या, "त्याचीच गाडी आहे. बसू दे तिला." विषय तेथेच संपला.

पहिल्या रविवारी जवळच्याच लऊळला गेलो. हातपाय नसलेले संत कूर्मदास पंढरीच्या ओढीने फरपटत येथवर आले आणि त्यांच्या भेटीसाठी विठ्ठल स्वतः येथे आला, अशी या गावची आख्यायिका. तेथून तासाभरात परतलो. विशेष काही घडले नाही. पण त्या रात्री जेवताना वहिनी दोन वाक्ये अधिक बोलल्या. मग हा परिपाठच पडला. महिन्यातून दोन रविवारी माढा, बार्शी, पंढरपूर, अशा भाकरी बांधून जाण्याजोग्या अंतराच्या वाटा आम्ही धरल्या.

काही नियम आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले. एका दुचाकीवर दोघेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ चे सांगणे तेच आहे. हेल्मेट चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. पत्नी, दोन मुले आणि पुढे पिशवी, अशी चौघांची वरात एका गाडीवर नेणारी आपली कुटुंबे मी नित्य पाहतो. कीडमुंगी वाचवणारे आपण, पोटच्या लेकराच्या डोक्यावर मात्र काही ठेवत नाही! चार वर्षांवरील प्रत्येकाला कायद्याने हेल्मेट आहेच. त्याहून लहान मुलांसाठी २०२२ मध्ये केलेला नियम वर्षभराने लागू झाला. त्यानुसार मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. तिसरा नियम आपल्या घरचा: सूर्यास्तापूर्वी परतायचे. एक तर सायंकाळचे जेवण वेळेत व्हावे. दुसरे, पावसाळ्याच्या तोंडी दिव्यावर झेपावणारे असंख्य जीव वाचावेत. साधूंची ईर्यासमिती चार हात भूमी निरखून चालण्याची. गृहस्थाने निदान समोरचे दिसेल इतकाच वेग ठेवावा.

हिवाळ्यात उजनी धरणावर गेलो होतो. परतताना माझा गुडघा दुखू लागला, म्हणून सौ.नी वहिनींना स्कूटरवर घेतले आणि मी चिरंजीवांच्या मागे बसलो. मुलाच्या मागे बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. टेंभुर्णीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. गाडी माणसाच्या चालीने चालली होती. तेवढ्यात समोर पाहतच तो म्हणाला, "बाबा, मला दुकान नको असं नाही. दुकानाबरोबर येणारा तुमचा राग नको."

मी काही बोललो नाही. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्याला. समोरासमोर बसलो असतो, तर मी तत्काळ चार उत्तरे दिली असती. मागच्या सीटवर ती सुचली नाहीत. ट्रॉल्या मागे पडेपर्यंत मी त्याची पाठ पाहत राहिलो. मग एवढेच म्हणालो, "तो राग दुकानाचा नाही रे. दादा नाहीत म्हणून आहे." हे वाक्य मी प्रथमच उच्चारले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात सर्वांत आधी त्या जुन्या नोकराची क्षमा मागितली, तीही गिऱ्हाइकासमोर.

पुढे फाल्गुनात कुंथलगिरीला गेलो. सीनेचा पूल ओलांडून बार्शी आणि तेथून भूमच्या बाजूने डोंगराळ मुलखात शिरायचे. कुलभूषण आणि देशभूषण या दोघा भावांची ही मोक्षभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन येथेच देह ठेवला. दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, उधारीची वही माझ्याकडे द्या. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा ऊस अजून रानात उभा आहे, हे रोज रात्री ते मला सांगत. मला सगळी घरं ठाऊक आहेत."

पंचेचाळीस दिवसांचे अंतर कोणी भरायचे, याचे उत्तर तीन वर्षे माझ्याच घरात होते आणि मी ते रिकाम्या गादीला विचारत होतो! आज वहिनी दुपारी दोन तास दुकानात बसतात. त्या तगादा लावत नाहीत. घरच्यांची खुशाली विचारतात आणि तारीख लिहून घेतात. सारी उधारी वसूल झाली असे नव्हे, पण कोणाकडून केव्हा किती येणार हे आता कळते, आणि खरेदी त्या बेताने करता येते. बस्त्याला आलेल्या बायका आधी त्यांच्याकडे वळतात. मोबाइलवरची किंमत दाखवणारा तरुण अजूनही येतो. मी त्याला कापड हातात घेऊन पाहायला सांगतो. कधी तो घेतो, कधी जातो.

चिरंजीव पुण्यालाच आहेत. तेही आता मला सलत नाही. सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद वडिलांच्या कापूस-सावकारीच्या पेढीत रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनास भागीदार करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि पुढे १९४४ मध्ये मोटारींचा प्रीमियर कारखाना काढला. पेढी सोडणारा प्रत्येक मुलगा वालचंद होत नाही, हे मी जाणतो. पण गादीवर न बसणारा मुलगा घराला मुकला असे नसते, एवढे त्या उदाहरणावरून समजावे. आमचे चिरंजीव दुकानात बसत नाहीत, मात्र हिशोबाची संगणकावरील सारी मांडणी त्यांनी करून दिली आणि दर महिन्याला ते ती पाहतात.

मोटारसायकल हे दुःखावरचे औषध आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्यांना ती झेपत नाही, त्यांनी पायी फिरावे, गाडीने तीर्थाला जावे. महामारीने आपल्या व्यापाराचे जे नुकसान केले ते बरेचसे भरून आले. जे बोलायचे राहून गेले ते मात्र घरोघरी तसेच साचून आहे, आणि आपण त्याला 'धंद्यात मन लागत नाही' असे म्हणतो. त्या स्नेह्यांना मी एवढेच सुचवले, की येत्या रविवारी घरातल्या कोणाच्या तरी मागे बसून थोडे लांब जाऊन या. आठवड्याने त्यांचा दूरध्वनी आला. सुनेच्या स्कूटरवर मागे बसून ते गावाबाहेरच्या मंदिरापर्यंत गेले होते. "काय बोलणे झाले?" मी विचारले. ते हसून म्हणाले, "ते तुमच्या लेखासाठी नाही."

असो. पुढील अंकी भेटूच.