पाऊस सिवनीत, पूर गोंदियात, विमा कागदात

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही वैनगंगा आणि बाघ फुगल्या की बिरसोला, कासा, काटी यांसारख्या नदीकाठच्या गावांना पाण्याचा वेढा पडतो. रस्ता तुटतो, वीज जाते, मोबाइल बंद पडतात आणि बाहेर पडायला डोंगा किंवा बचाव पथकाची बोट एवढाच आधार उरतो. जगातल्या छोट्या बेट-देशांनी अशाच वेढ्यात सापडलेल्या माणसांसाठी विम्याची व्यवस्था उभी केली, ती अनुभवातून सुधारली आणि आज ती पैसेही देते आहे. महाराष्ट्रात मात्र चाक उलटे फिरले. बुडालेल्या धानाला संरक्षण देणारी तरतूद २०१८ मध्ये केंद्राने काढली. उरलेसुरले कवच २०२५ मध्ये राज्याने काढले. केंद्राने आपला निर्णय आता फिरवला आहे. राज्याने खरिपाची अधिसूचना निघण्याआधी तसे केले नाही, तर वैनगंगेचा पुढचा पूर धानपट्ट्याला पुन्हा उघड्यावर गाठेल.

हा इशारा कल्पनेतला नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत हाहाकार माजवला. त्या पुरामागे मुख्यतः मध्य प्रदेशातल्या सिवनी, छिंदवाडा, बालाघाट या भागांतला पाऊस होता. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर म्हणजे भीमगड धरणातून पाणी सुटले आणि खाली महाराष्ट्रात पोहोचले. पुढे २०२४ च्या सप्टेंबरात आणि २०२५ च्या जुलैत अतिवृष्टीने जिल्ह्याला पुन्हा झोडपले. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, त्यामुळे पावसाचे दिवस कमी आणि कोसळणे जास्त, असा मोसमी पावसाचा कल हवामानशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आहेत. धरणाचे दरवाजे एकदम उघडावे लागतात ते अशाच कोसळण्यामुळे.

ऑगस्टअखेरचा पूर धानाला सर्वांत महागात पडतो. तोवर पऱ्हे टाकून झालेले असतात, चिखलणी झालेली असते, रोवणीची मजुरी चुकती झालेली असते, खताचा पहिला हप्ता बांधीत पडलेला असतो. शेतकऱ्याने घालायचा तो बहुतेक सगळा पैसा जमिनीत गेलेला असतो आणि पुन्हा रोवणी करायला हंगाम उरलेला नसतो. धान पाण्यात उभे राहते हे खरे, पण शेंड्यापर्यंत बुडून, गढूळ पाण्याखाली आठवडाभर राहिले की कुजते. पाणी ओसरते तेव्हा बांधीत गाळ उरतो.

या नुकसानीनंतर हाती काय पडते? पूर ही अधिसूचित आपत्ती असल्याने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. २०२२ पासूनच्या केंद्रीय निकषांप्रमाणे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० आणि बागायती पिकाला १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. एकरभर कोरडवाहू धान गेले तर हिशेब ३,४०० रुपयांचा होतो. दुभते जनावर वाहून गेले तर ३७,५०० रुपये, झोपडी गेली तर ८,००० रुपये. राज्य सरकार कधी वरून भर घालते, कधी नाही. ते संकटाच्या आकारावर जितके अवलंबून असते, तितकेच त्या वर्षीच्या राजकारणावर. हे सगळे पंचनाम्यानंतर, याद्या लागल्यानंतर, ई-केवायसी झाल्यानंतर. ही मदत आहे, भरपाई नव्हे, असे सरकारच सांगते. भरपाईचे काम विम्याचे आहे, आणि विम्याचे दुखणे इथूनच सुरू होते.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली. तीत महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरची भरपाई होतीच, शिवाय पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान असे जादा ट्रिगर, म्हणजे भरपाई सुरू करणाऱ्या अटी, होते. २०१८ मध्ये स्थानिक आपत्तीतून धान, ऊस, ताग यांसारख्या पिकांच्या जलमय होण्याची जोखीम वगळण्यात आली. धान पाण्यातलेच पीक, मग पाण्याने त्याचे काय बिघडणार, हा त्यामागचा तर्क. वैनगंगेच्या काठावर एक दिवस उभे राहिलेल्या माणसाने असा तर्क केला नसता. त्यानंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आणला. बोगस अर्जांनी ती योजना बदनाम झाली, आणि ९ मे २०२५ च्या शासन निर्णयाने एक रुपयाबरोबर ते चारही जादा ट्रिगरही गेले. बोगस अर्ज ज्यांनी भरले त्यांची शिक्षा ज्यांचे पीक खरोखर बुडते त्यांना झाली. भरपाई आता फक्त सरासरी उत्पन्नावर बेतली गेली. कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा ऑक्टोबरच्या पावसात भिजल्या, तरी त्यांची स्वतंत्र दखल नाही.

ही सरासरीच नदीकाठच्या गावाचा घात करते. विम्याचा हिशेब महसूल मंडळावर होतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी काढायची, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. मंडळाचे यंदाचे उत्पन्न त्याखाली गेले तरच भरपाई. समजा, मंडळात सारख्याच धानक्षेत्राची वीस गावे आहेत. नदीकाठच्या चार गावांचे धान पूर्ण गेले आणि उरलेल्या सोळा गावांत नेहमीसारखे पिकले, तर मंडळाची सरासरी वीस टक्क्यांनी घटून ८० टक्क्यांवर थांबते. उंबरठा ७० टक्क्यांचा, म्हणून भरपाई शून्य. चार गावांनी हप्ता भरला, चार गावे बुडाली आणि नियम तंतोतंत पाळून त्यांना एक पैसाही मिळाला नाही. इथे विमा कंपनीने लबाडी करायचीही गरज उरत नाही.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केले की खरीप २०२६ पासून धान जलमय होण्याची जोखीम स्थानिक आपत्तीत परत घेतली जाईल. धानपट्ट्यासाठी ही गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत महत्त्वाची बातमी होती. पण दिल्लीने दार उघडले ते स्थानिक आपत्तीच्या कलमात, आणि महाराष्ट्राने २०२५ मध्ये तेच कलम योजनेबाहेर ठेवले. राज्याने ते परत घेतल्याशिवाय केंद्राची घोषणा गोंदियाच्या बांधीपर्यंत पोहोचूच शकत नाही. हप्त्याचा खर्च वाढेल, हे अर्थखात्याचे म्हणणे खोटे नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा बुडाल्यावर याच राज्याला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. विम्याचा खर्च टाळला म्हणून आपत्तीचा खर्च टळत नाही. तो फक्त उशिरा आणि बेभरवशाने येतो.

बेट-देशांकडे पाहायचे ते इथे. १९९१ मध्ये, हवामान कराराच्या वाटाघाटी चालू असताना, पॅसिफिकमधल्या वानुआतूने छोट्या बेटांच्या वतीने एक आंतरराष्ट्रीय विमा निधी मागितला. समुद्र वाढतो आहे तो ज्यांच्या धुरामुळे, त्यांनी हप्ता भरावा, ही त्यामागची साधी मागणी. ती तेव्हा मान्य झाली नाही. हानी आणि नुकसान निधीवर जगाचे एकमत व्हायला २०२२ ची शर्म अल शेखची परिषद उजाडली. दरम्यान २००४ च्या आयव्हन वादळाने ग्रेनाडाचे नुकसान त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुप्पट केले. त्या धक्क्यानंतर कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एकत्र येऊन सामाईक विमा संस्था उभारली. तिचा विमा पंचनाम्यावर चालत नाही. वाऱ्याचा वेग, पावसाचे प्रमाण, भूकंपाची तीव्रता ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की चौदा दिवसांत सरकारच्या खात्यात पैसे जमा. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मेलिसा वादळ जमैकावर आदळले, तेव्हा या संस्थेकडून काही दिवसांतच सुमारे सात कोटी डॉलर मंजूर झाले, आणि त्याखेरीज आपत्ती रोख्यातून, म्हणजे ठरलेली आपत्ती आली तर गुंतवणूकदारांचे पैसे देशाला देणाऱ्या रोख्यातून, पंधरा कोटी डॉलरची पूर्ण रक्कम मिळाली.

आपल्याकडेही हे अगदीच अनोळखी नाही. महाराष्ट्रातल्या संत्र्याला आणि आंब्याला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो, तो याच तत्त्वावर. नागालँडने राज्यभराच्या आपत्तींसाठी असे कवच घेतले. २०२४ च्या उन्हाळ्यात सेवा संस्थेच्या राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार कष्टकरी महिलांना पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला म्हणून छोटी रक्कम थेट खात्यात मिळाली. पंधराव्या वित्त आयोगानेही आपत्तीसाठी विम्याचे मार्ग शोधण्याची शिफारस केली होती.

मात्र आकड्यावर चालणारा विमा आंधळेपणाने उचलला तर तोही फसवतो. जमैकाचा तोच आपत्ती रोखा २०२४ च्या जुलैत बेरिल वादळाच्या वेळी एक डॉलरही देऊ शकला नाही. वादळाने घरे आणि शेती उद्ध्वस्त केली, पण केंद्रातला हवेचा दाब करारात लिहिलेल्या आकड्याइतका खाली गेला नव्हता. गोंदियासाठी हा धडा सोन्यासारखा आहे. उद्या एखाद्या कंपनीने इथे पावसावर आधारित विमा विकायला आणला, मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर पैसे, असे सांगितले, तर तो घेणारा शेतकरी ऐन पुराच्या दिवशी नागवला जाईल. २०२० सारख्या पुराचे पाणी वरून येते. पर्जन्यमापक ज्या मंडळात, तिथे कमी पाऊस, आणि बांधी गळ्यापर्यंत पाण्यात, असे इथे सहज घडू शकते. त्यामुळे इथला ट्रिगर पावसाचा नको, नदीचा हवा.

नदी मोजण्याची सोय आजही आहे. केंद्रीय जल आयोग वैनगंगेची पातळी सिवनीतल्या केवलारीला आणि बालाघाटातल्या कुम्हारीला मोजतो, बाघेची राजेगावला. संजय सरोवर आणि पुजारीटोला धरणांतून किती पाणी सोडले याची नोंद पाटबंधारे खात्यांकडे असते. ढगांच्या आडूनही जमीन पाहणाऱ्या रडार उपग्रहांच्या चित्रांवरून हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराचे नकाशे तयार करते. नदीची कोणती पातळी आली की कोणत्या गावाच्या किती बांध्या बुडतात, हे गेल्या पुरांच्या नोंदी लावून काढणे, हे खरे संशोधन. साकोलीचे धान संशोधन केंद्र आणि नागपूरची विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना हे काम लेखी आदेशाने, मुदत घालून द्यावे लागेल.

हा विमा सातबाऱ्याला बांधून चालणार नाही. बटईने किंवा ठेक्याने धान करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. रोवणी-निंदणीवर जगणाऱ्या मजूर बाईची मजुरी पुरात बुडते, तिचा पंचनामा होत नाही. तलावांतले मासळीचे बीज वाहून गेले की ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांचे वर्ष जाते. नदीची पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की वेढ्यातल्या प्रत्येक कुटुंबाला रक्कम, अशी रचना असेल तर हे सगळे त्यात येतात. शिवाय ७२ तासांत अॅपवर फोटो टाकून नुकसानीची पूर्वसूचना देण्याची अटही सुटते. ज्या गावात तीन दिवस वीज नाही, टॉवर बंद आहे, त्या गावाकडून फोटो मागणे ही क्रूर थट्टा आहे. हप्ता भरायचा कोणी? ज्यांनी हवामान बिघडवले नाही आणि धरणाचे दरवाजेही उघडले नाहीत, त्यांच्याकडून तो घेता येणार नाही. तो राज्याने भरावा.

विमा म्हणजे धरण-व्यवस्थापनाला सुटी, असाही अर्थ कोणी काढू नये. दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांनी पाणी सोडण्याआधी एकमेकांना आणि खालच्या गावांना वेळेत कळवणे हे कोणत्याही विम्याहून स्वस्त आणि मोलाचे आहे. नदीच्या पातळीला पैसे जोडले गेले की तो आकडा दर तासाला उघड ठेवावा लागेल. इशाऱ्याची शिस्तही त्यातूनच येईल.

तेव्हा मागण्या तीन आणि तिन्ही स्पष्ट. धान जलमय होण्याच्या जोखमीसह स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचे ट्रिगर राज्याने वैनगंगा खोऱ्यातल्या जिल्ह्यांत तातडीने परत आणावेत. नदीकाठच्या गावांसाठी विम्याचे एकक मंडळ न ठेवता गाव करावे, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे त्याला आडवी येत नाहीत. आणि नदीच्या पातळीवर चालणारा कुटुंब विमा गोंदिया, भंडाऱ्याच्या पूरप्रवण गावांत राज्याच्या खर्चाने सुरू करून, त्याचा ट्रिगर ग्रामसभेत वाचून दाखवावा. धानपट्ट्यातल्या आमदार-खासदारांनी दरवर्षी धानाच्या बोनससाठी आवाज चढवला आहे. त्याच्या निम्मा आवाज या तीन मागण्यांसाठी लागला तरी पुरे.

पऱ्हे पडले की रोवणी, रोवणी झाली की पूर, हे वेळापत्रक मंत्रालयाची वाट पाहत नाही. पुढच्या पुरात जे बुडेल त्याची पंचनाम्यात नोंद नैसर्गिक आपत्ती म्हणून होईल. त्यातला बिनविम्याचा वाटा मात्र मुंबईत, सहीशिक्क्यानिशी ठरलेला असेल.