बाटली आणि शीर यांच्यामधली पाच मिनिटं

“काकू, आज सलाईनची बाटली दुधासारखी झाली!” संध्याकाळी दारात चप्पल काढता काढताच ती म्हणाली. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची ही मुलगी. बारावी झाली, पुढं शिकवायची ऐपत नाही, म्हणून नाशिकमधल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात मीच तिची शिफारस केली होती. केस पेपर काढायचे, पेशंटला नंबराप्रमाणे आत सोडायचं, एवढंच काम ठरलं होतं. पण तीनच महिन्यांत अंगावर पांढरा ड्रेस आला आणि सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणू लागले. खरं सांगते, मलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

त्या दिवशी फिट आलेल्या पेशंटचं इंजेक्शन तिनं ग्लुकोजच्या बाटलीत टाकलं आणि बाटली गढूळ झाली. घाबरून तिनं ती ओतून दिली. बाटली वाया घालवली म्हणून बोलणी बसली. पण असं का झालं, हे कुणीच सांगितलं नाही.

कारण तसं साधं आहे. फिटवरचं फेनिटॉइन ग्लुकोजमध्ये टिकत नाही, त्याचे कण बनतात. ते मिठाच्या सलाईनमधूनच द्यायचं असतं. याउलट बुरशीच्या आजारावरचं अॅम्फोटेरिसिन मिठाच्या सलाईनमध्ये चालत नाही, त्याला ग्लुकोज लागतं. सेफ्ट्रियाक्सोन हे नेहमीचं अँटिबायोटिक, पण ज्या सलाईनमध्ये कॅल्शियम असतं त्या आर.एल.च्या बाटलीत ते मिसळायचं नाही. या जोडीमुळे नवजात बाळं दगावल्याचं दिसल्यावर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तसा इशारा दिला होता.

ही बाटली गढूळ झाली म्हणून चूक कळली तरी. जी चूक डोळ्यांना दिसतच नाही तिचं काय? पोटॅशियमची कुपी आणि डिस्टिल्ड वॉटरची कुपी शेजारी ठेवा, आतलं पाणी अगदी सारखं. पण पोटॅशियम भरपूर पातळ करून हळूहळू द्यावं लागतं. तसंच थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत सिझेरियननंतर पाच बाळंतिणी दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या. संशय आर.एल.च्या बाटल्यांवर होता. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या मेदिनीपूरला एक बाळंतीण गेली. तिथंही आधी बोट बाटलीकडे गेलं, मग सरकारनं निष्काळजीपणाचा ठपका ठेवून बारा डॉक्टरांना निलंबित केलं. बाटली कुठल्या कंपनीची, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण चांगल्या कंपनीची बाटली दवाखान्यात आल्यापासून ते थेंब शिरेत जाईपर्यंत मध्ये पाच मिनिटं असतात. त्या पाच मिनिटांत औषध कोण कालवतं, कशात कालवतं, किती कालवतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा प्रश्न फक्त न शिकलेल्या मुलींचा आहे असंही समजू नका. इंग्लंडमध्ये दोन रुग्णालयांतल्या दहा वॉर्डांत संशोधकांनी शेजारी उभं राहून शिरेतून द्यायची औषधं कशी तयार होतात ते पाहिलं. २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते छापून आलं. ४३० पैकी २१२ डोसांमध्ये निदान एक तरी चूक होती! गंभीर इजा होऊ शकेल असे डोस तीनच होते, पण जवळजवळ निम्म्या डोसांत काही ना काही चुकलंच होतं. सर्वांत जास्त चुका सिरिंजमधलं औषध एकदम शिरेत सोडताना आणि दोन-तीन पायऱ्यांनी तयार करायच्या औषधांत झाल्या. रीतसर शिकलेल्या नर्सेसची ही गत, तर आमच्या पोरीकडून काय अपेक्षा करायची?

आमच्या गल्लीत एक निवृत्त स्टाफ नर्स राहतात. एका रविवारी त्यांना विनंती केली आणि तिच्यासारख्याच चार मुलींना घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर रिकाम्या कुप्या मांडून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आधी हात धुवायचे. लेबल तीनदा वाचायचं : कपाटातून काढताना, भरताना आणि देताना. रबराचं बूच स्पिरिटनं पुसायचं आणि वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. पावडर पूर्ण विरघळल्याशिवाय ओढायची नाही. तयार झालं की तिथंच चिठ्ठी चिकटवायची : पेशंटचं नाव, औषध, प्रमाण, वेळ आणि आपली सही. एकीनं भरायचं, दुसरीनं तपासायचं. आणि भरताना कुणाशीही बोलायचं नाही, फोन वाजला तरी!

यावर आमची पोरगी हळूच म्हणाली, “सिस्टर, रात्री वॉर्डात मी एकटीच असते. दुसरी कुठून आणू?”

टेबलाभोवती कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला वाटतं, सगळी मेख इथंच आहे. आपल्याकडे नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे आणि त्यात पात्र नर्स नेमण्याची अट आहे. जी.एन.एम. तीन वर्षं शिकते, बी.एस्सी. नर्सिंगवाली चार वर्षं. पण त्यांना पगार द्यावा लागतो, म्हणून स्वस्तातली मुलगी उभी केली जाते. काही बरंवाईट झालं की चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी तीच पकडली जाते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. कामावर असलेल्या नर्सेससाठी दरवर्षी दोन दिवसांची उजळणी आणि कुठलं औषध कशात मिसळायचं याचा मराठी तक्ता, एवढं झालं तरी छोट्या दवाखान्यांना केवढा आधार होईल.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही बघू या. “फार गळून गेल्यासारखं वाटतंय डॉक्टर, एक बाटली चढवाच,” असं आपणच म्हणतो ना? तोंडानं खाता-पिता येत असेल तर बहुतेक वेळा सलाईनची गरजच नसते. जी बाटली लागलीच नाही, तिच्यात चूकही होत नाही.

पेशंटजवळ बसलात की गोड आवाजात विचारा, “सिस्टर, हे कशाचं औषध?” बाटलीवर चिठ्ठी आहे का बघा. पाणी गढूळ दिसलं, पेशंटला थंडी वाजली, खाज सुटली, दम लागला, तर लगेच हाक मारा. ड्रिपचं चाक स्वतः फिरवून वेग मात्र वाढवू नका. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद लावलेली असायला हवी, ती वाचा. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर आपल्यालाही कळवता येतं.

आमच्या पोरीनं ती नोकरी सोडली. गटानं कर्ज दिलंय, यंदा ती ए.एन.एम.ला जाते आहे. पण तिच्या जागी दुसऱ्याच आठवड्यात नवी मुलगी आली. तीही बारावीच झालेली आहे. परवा मी तिच्या आईला गाठलं आणि म्हटलं, “नोकरी करू दे, पण सुईला हात लावायला सांगितला तर ‘मला येत नाही’ म्हणायला शिकव.” आधी एका आईला हे सांगायला मी विसरले होते.