‘मजुरी’ एवढंच लिहून पुढं जाऊ नका

एमबीबीएसला शिकणाऱ्या मुलामुलींनो, आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्या आईबाबांनो, हे तुमच्यासाठी.

हवामानबदलावर प्रश्न आला की आमची मुलं उत्तर छान लिहितात. हरितगृह वायू, वितळणारा बर्फ, डासांचा नवा मुलूख, सगळं येतं. तीच मुलं मे महिन्यात कॅज्युअल्टीत उभी असतात आणि त्या उत्तरातला माणूस समोर झोपलाय हे त्यांना उमगत नाही.

एक पेशंट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वीटभट्टीवरचा तरुण, भरदुपारी सोबत्यांनी रिक्षातून आणलेला. असंबद्ध बडबडत होता, अंग भाजत होतं आणि शर्ट घामानं चिंब. काखेत थर्मामीटर लावला, पॅरासिटामॉल दिलं, मलेरियासाठी रक्त पाठवलं. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही,’ असं एक हुशार मुलगा म्हणाला. त्यानं कोरडी त्वचा पाठ केली होती. उन्हात राबणाऱ्याला उष्माघातातही घाम येतो, बाळांनो. काखेतला पारा आतलं तापमान कमी दाखवतो, ते गुदद्वारातूनच मोजायला हवं. पॅरासिटामॉल तिथं कामाचं नाही. आतला पारा ४० अंशांच्या वर आणि भान सुटलेलं, एवढं दिसलं की आधी गार पाणी, बर्फ, पंखा. तपासण्या मागून. पहिला अर्धा तास हातचा घालवू नका. तो तरुण वाचला, पण पुढचे कितीतरी दिवस डायलिसिसवर गेले.

त्याच्या केसपेपरवर व्यवसायापुढं एकच शब्द होता: मजुरी.

तिथं थांबू नका. काम किती वाजता सुरू होतं? सावली आहे का? पाणी कुठून आणता? रात्री पत्र्याखाली झोपता का? रात्रीही अंग निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आणखी जड जातं. गोळ्या कुठल्या चालू आहेत तेही विचारा. लघवी वाढवणारी आणि मानसिक आजारावरची काही औषधं उन्हाळ्यात धोका वाढवतात.

एका पेशंटकडं बोट दाखवून ‘हा हवामानबदल’ म्हणता येत नाही, हे खरं. पण २०२४ हे नोंदीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघातानं १४ माणसं गेली. तिथं चंद्रपूरसारखा पारा नव्हता. पण दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग निवत नाही. पावसाचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. ऑगस्टात तापाचा पेशंट आला, तर साचलेल्या पाण्यातून चाललात का, हे विचारल्याशिवाय त्याला उठू देऊ नका.

अहमदाबादनं २०१० च्या लाटेत माणसं गमावली आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात डॉक्टर-नर्सच्या प्रशिक्षणाला जागा आहे. आपल्या कॉलेजात ते होतं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

तुम्हाला पहिल्या वर्षीच कुटुंबं दत्तक मिळतात. पुढच्या भेटीला बीपीच्या मशीनबरोबर भिंतीवर टांगायचा साधा तापमापक न्या. दुपारी दोनला आणि रात्री दहाला घरात किती होतं, ते घरच्यांनाच वाचायला शिकवा. आकडे त्यांच्या कागदावर लिहा. रकाना नसेल, तर समासात लिहा.