भोंगा वाजवायचा कोणी?

‘धोक्याची माहिती दिली तर लोक घाबरतील’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक वायुगळतीनंतर ऐकू येते. ते शास्त्रीय तर नाहीच, पण कायदेशीरही नाही.

अमेरिकेने रासायनिक अस्त्रांच्या कोठारांभोवतीच्या नागरिकांसाठी 1988 पासून स्वतंत्र आपत्कालीन सज्जता कार्यक्रम राबवला. अलाबामातील ॲनिस्टन येथे सारिन, व्हीएक्स आणि मस्टर्डचा साठा होता. तेथील घरोघरी इशारा देणारे रेडिओ पोहोचले; फटी बुजवण्यासाठी प्लास्टिक व चिकटपट्टी दिली गेली; घरात केव्हा थांबायचे, बाहेर केव्हा पडायचे हे शिकवले गेले. सत्य कळले म्हणून ॲनिस्टन ओस पडले नाही.

भारतानेही आपला अस्त्रसाठा 2009 मध्ये नष्ट केला. परंतु वस्तीशेजारचे विष केवळ लष्करी कोठारात नसते. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमच्या आर. आर. वेंकटापुरममध्ये स्टायरीनची वाफ शिरली आणि 12 जणांचा बळी गेला. कारखान्यात भोंग्याची यंत्रणा होती. ती वापरलीच गेली नाही, असे चौकशी समितीने नोंदवले. भोपाळनंतर 35 वर्षांनी!

स्टायरीनची वाफ हवेच्या सुमारे साडेतीन पट जड असते. भोपाळचे मिथाइल आयसोसायनेट सुमारे दुप्पट. असे वायू जमिनीलगत सरकतात, सखल भागात साचतात. वाऱ्याबरोबर पळणारा माणूस विषाच्या ढगाबरोबरच पळत राहतो. वाऱ्याला आडवा, उंचवट्याकडे गेलेला वाचण्याची शक्यता अधिक. एवढे समजायला पदवी लागत नाही. मात्र कोणीतरी ते आधी सांगावे लागते.

सांगण्याचे बंधन आहेच. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार मोठा धोका असलेल्या कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हा पातळीवर तयार हवा, त्याची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा व्हायला हवी आणि परिसरातील लोकांना धोक्याचे स्वरूप व घ्यावयाची खबरदारी कळवायला हवी. फायलीत बंद असलेला आराखडा कोणाचाही श्वास वाचवत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात तीनच प्रश्न विचारा: आराखडा कुठे आहे? शेवटची तालीम कधी झाली? भोंगा वाजवण्याचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तर आले नाही, तर घाबरण्याचे खरे कारण तेच आहे.