बर्फातलं गिरमिट आणि घाटावरचा मुरूम

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन ह्या भागात आणि त्याच्या वर कॅनडात हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फ फूट-दीड फूट जाड झाला की लोक त्यावर चक्क गाड्या नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि खालच्या पाण्यात गळ सोडून तासन् तास बसतात. (मासा मिळतोच असं नाही. पण तो वेगळा विषय.) हे भोक पाडायला एक मोठं गिरमिट असतं. आपल्या सुताराकडे असायचं तसंच, फक्त सहा-आठ इंच रुंद आणि कमरेइतकं उंच. आधी ते हातानं फिरवत, मग पेट्रोलचं इंजिन बसवलेलं आलं. आणि अलीकडच्या काही वर्षांत लोकांनी काय केलं, तर इंजिनही नको आणि मूठही नको, गिरमिटाच्या वरच्या टोकाला घरातलं बॅटरीवरचं ड्रिल लावून टाकलं. भिंतीला भोक पाडून खुंटी ठोकायचं असतं ना, तेच!

आता चिखलीच्या माणसाला ह्याचं काय? आमच्याकडे बर्फ पाहायचा तर गोळ्याच्या गाडीवर किंवा रसवंतीवर. पण जमिनीला भोकं पाडायची वेळ आमच्यावर दरवर्षी येते. रानडुकरं आणि रोही ह्यांनी शेतकऱ्याला कुंपण करायला लावलंय. सोयाबीन असो, तूर असो, हरभरा असो, रात्रीतून कळप फिरला की सकाळी बघवत नाही. कुंपण म्हणजे तार, तार म्हणजे खांब आणि खांब म्हणजे खड्डा. साधा हिशोब करा. एक एकराचं चौकोनी रान धरलं तर त्याचा घेर ८३५ फुटांच्या आसपास येतो. दहा फुटांवर एक खांब म्हटला तरी ८३-८४ खड्डे झाले. प्रत्येक दीड ते दोन फूट खोल. हे आजवर पहारीनं होत आलं. एकानं पहार मारायची, दुसऱ्यानं आतली माती हातानं किंवा डब्यानं उपसायची. खांदे, कंबर आणि तळहात, तिन्ही संध्याकाळपर्यंत कामातून जातात.

तेव्हा आमच्या भागात कुणी ड्रिलला मातीचं गिरमिट लावून अँगलचे खड्डे पाडायला लागला की बांधावर माणसं जमतात. आणि दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक, "हे तं खेळणं दिसून राह्यलं." दुसरं, "आता पहारीचं काम संपलं." माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि दुसरं जास्त चूक आहे.

पहिलं मत आधी घेऊ. ज्या कामासाठी यंत्र केलं त्याच कामाला ते वापरावं, बाकी सगळा जुगाड, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. पण ड्रिल हे मुळात भोक पाडायचं यंत्र नाहीच. ती एक फिरणारी मोटर आहे आणि पुढं एक तीन जबड्यांची चिमटी आहे. ही चिमटी ज्या रूपात आज आपण पाहतो तिचं पेटंट आर्थर जेकब्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९०२ साली घेतलं. त्या चिमटीत काय धरायचं हे तुम्ही ठरवायचं. रंग ढवळायची दांडी धरा, घासायचा ब्रश धरा, गिरमिट धरा. आपल्या जुन्या शेतीतही हेच होतं की! एकच ऑइल इंजिन पट्टा बदलून विहिरीवरचा पंप चालवायचं, पिठाची गिरणी चालवायचं, कडबा कापायचं यंत्र चालवायचं. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ म्हणजे तरी दुसरं काय? मग मधल्या काळात प्रत्येक कामाचं वेगळं यंत्र आणि प्रत्येक यंत्राच्या पोटात वेगळी मोटर बंद करून विकणं सुरू झालं. वर्षातून चार दिवस लागणारं यंत्र उरलेलं वर्षभर गोठ्यात धूळ खातं. ड्रिलला गिरमिट लावणारा माणूस मला त्या पट्ट्याच्या इंजिनवाल्याचा वारस वाटतो. जुगाड म्हणून त्याला हसण्यासारखं काही नाही.

आता दुसरं मत. पहारीचं काम संपलं म्हणणाऱ्याला दोन गोष्टी लक्षात आलेल्या नसतात. एक म्हणजे जमीन.

बर्फ सगळीकडे सारखा असतो. त्यात गोटे नसतात, मुळ्या नसतात आणि त्याचा कीस भुगभुगीत होऊन आपोआप वर येतो. म्हणून तिकडं सहा इंची गिरमिट ड्रिलवर सुखानं चालतं. आमची जमीन घाटावरची. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, नांदुरा-मलकापूरकडं काळी माती खोलवर सापडते. इथं वर बऱ्याच रानांत हात-दीड हात माती आणि खाली मुरूम. शिवाय काळी माती वैशाखात विटेसारखी होते आणि आषाढात गिरमिटाच्या पात्यांना अशी चिकटते की गिरमिट कुठलं आणि गोळा कुठला कळत नाही. ड्रिल खरं चालतं ते वाफशावर. आणि वाफसा आला की कुंपण कोण करतो? सगळे पेरणीच्या मागं! म्हणून उन्हाळ्यात काम करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक खुणेवर बादलीभर पाणी जिरवावं लागतं. पहारवाले हे पिढ्यान् पिढ्या करत आलेत.

मातीचा हा हट्ट काही आमच्यापुरता नाही बरं का. १९७१ साली अपोलो १५ मधून डेव्हिड स्कॉट चंद्रावर बॅटरीचं ड्रिल घेऊन उतरला होता. त्याची मोटर ब्लॅक अँड डेकरनं तयार केली होती, म्हणजे घरगुती ड्रिल विकणाऱ्या त्याच कंपनीनं. पुढं गिरमिटासारख्या पात्यांची दांडी. तिथली माती वाटलं होतं त्याहून घट्ट निघाली. दांडीच्या जोडांपाशी पाती तुटक होती, तिथं कीस अडकला आणि भोक ठरल्याइतकं खोल जाईना. मातीचा नमुना घ्यायची दुसरी लांब नळी तर रुतूनच बसली. ती शेवटी स्कॉट आणि आयर्विन दोघांनी अंगाचा जोर लावून उपटली. पुढच्या वर्षी अपोलो १६साठी त्या जोडांची रचना बदलावी लागली. चंद्रावर ही गत, तर चिखलीच्या मुरुमानं थोडी गंमत केली तर नवल काय?

दुसरी गोष्ट माणसाचं मनगट. ह्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. ड्रिलच्या खोक्यावर न्यूटन मीटरमध्ये एक आकडा छापलेला असतो, तो त्याचा पीळ. समजा ५० आहे. गिरमिट गोट्यात अडकलं की ते फिरायचं थांबतं आणि त्याऐवजी ड्रिल फिरायला बघतं. तो पीळ मग तुमच्या हाताला झेलावा लागतो. आडवी मूठ मध्यापासून पाव मीटरवर असेल तर हातावर साधारण वीस किलोचा झटका येतो, तोही बेसावध असताना. मूठ अर्ध्या मीटरवर नेली तर तोच झटका दहा किलोवर येतो. म्हणून लांब आडवी मूठ ही शोभेची वस्तू नाही. ती नसेल तर ड्रिलला गिरमिट लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गिअर एक नंबरचा ठेवावा. बोट बटणावर ठेवावं आणि बटण चालूच राहावं म्हणून ते दाबून बांधून ठेवण्याची हुशारी तर अजिबात करू नये. शिवाय गिरमिट दुप्पट रुंद घेतलं की उपसायची माती चौपट होते. तेव्हा तीन-चार इंची भोक, अँगलसाठी, बांबूसाठी, शेडनेटच्या कडेच्या खुंट्यांसाठी, हे ड्रिलचं काम. सिमेंटच्या जाड खांबाला, झाडाच्या मोठ्या खड्ड्याला, जिथं मुरूम लागला तिथं खाली, पहार. किंवा मग ट्रॅक्टरचं गिरमिट आणा.

पण मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. खड्डे काढायचं काम आमच्याकडे बहुतेक गुत्त्यानं देतात, खड्ड्यामागं इतके असा भाव ठरतो. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या एका मामांनी बांधावर उभं राहून ड्रिल चालताना पाहिलं. खेळणं म्हणाले नाहीत, काम संपलं असंही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "खड्ड्याचा भाव तोच राहीन ना, भाऊ?"

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्याच्या मागं १९७२चा दुष्काळ होता. खोदकाम यंत्रानं न करता माणसाच्या हातानं व्हावं, हा त्या योजनेचा आग्रह होता, कारण खड्ड्याइतकीच मजुरीही महत्त्वाची होती. तो आग्रह त्या जागी योग्यच होता. पण शेतातल्या गुत्त्याच्या कामात माणसाची कंबर मोडावी म्हणून यंत्र नाकारायचं, हे मला पटत नाही. प्रश्न एवढाच की यंत्रानं वाचलेला वेळ कुणाच्या खिशात जातो. ट्रॅक्टर आला, हार्वेस्टर आलं, तेव्हा तो यंत्राच्या मालकाच्या खिशात गेला. मजूर ते घेऊच शकत नव्हता. ड्रिलचं तसं नाही. फवारणीचा बॅटरी पंप जसा मजूर स्वतःचा घेऊन येतो तसं हेही घेऊन येता येईल. दोघांच्या जोडीत मिळून घेतलं तर एका हंगामात जमण्यासारखं आहे. मग पहार आणि ड्रिल दोन्ही त्यांच्याच खांद्यावर, आणि कुठल्या खड्ड्याला काय हे ठरवणारेही तेच. भाव खड्ड्यामागंच ठेवावा, तासावर आणू नये. शेतमालकानं स्वतः ड्रिल विकत आणून भाव अर्धा करायचा आणि झटका मात्र मजुराच्या मनगटानं खायचा, ह्याला मी सुधारणा म्हणणार नाही.

मामांना मी म्हटलं, तुम्हीच घ्या की. ते हसले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडं सोपं उत्तर नव्हतं. त्यांच्या पुतण्याकडं फर्निचरच्या कामाचं ड्रिल आहे, वेगळ्या कंपनीचं. त्याची बॅटरी ह्याला चालेल का? चालत नाही. व्होल्ट तेच असले तरी खाच वेगळी. चिमटी सगळ्यांची सारखी, कुठलंही गिरमिट कुठल्याही ड्रिलला बसतं, आणि बॅटरी मात्र प्रत्येकाची निराळी! शेत गावापासून तीन किलोमीटर, तिथं थ्री फेजची लाइन पंपापुरती, तीही रात्रीची. म्हणजे दोन बॅटऱ्या एकाच कंपनीच्या घ्याव्या लागणार, आणि किमतीत बॅटरीच जड जाते.

मामा म्हणाले, "मग ते चिमटीवाले शहाणे होते म्हना."